कळंकात जपलेला पेहराव

स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरात ब्यर्को नावाचे बेट आहे. १८७१ साली ह्यालमार स्टोल्पे हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ तिथे गेला तो अंबराच्या खड्यांत अडकलेले पुरातन किडे शोधायला. किडे राहिले बाजूला आणि हाती लागली थडगी. व्हायकिंग काळातली बिर्का नावाची भरभराटीची पेठ याच बेटावर होती. स्टोल्पेने पुढच्या वीसेक वर्षांत तिथली सुमारे ११०० थडगी उकरली. बायकांच्या थडग्यांत त्याला पुन्हा पुन्हा एक गोष्ट सापडे: गळ्याच्या हाडांखाली, डावी-उजवीकडे एकेक, अशी काशाच्या ब्रूचची जोडी. लांबट गोल, वरून फुगीर आणि नक्षीदार, आतून पोकळ.

त्या पोकळीत, टाचणीभोवती साचलेल्या हिरव्या कळंकाच्या ढेपेत, कापड होते. नखाएवढे तुकडे, कधी नुसते चार धागे. बाकीचा पेहराव मातीने केव्हाच खाऊन टाकला होता. तांब्याचा कळंक जिवाणूंना मारक असतो, म्हणून धातूला चिकटलेले कापड कुजायचे राहते. लोखंडाचे वेगळे. त्याचा गंज धाग्यात शिरून धाग्याचीच जागा घेतो आणि मागे उरतो वीणसुद्धा दाखवणारा गंजाचा साचा. मातीचाही स्वभाव असतो. आम्लधर्मी मातीत जवसाचे लिनन टिकत नाही, अल्कधर्मी मातीत लोकर टिकत नाही. त्यामुळे व्हायकिंगांनी काय घातले होते याचे उत्तर बरेचसे त्यांनी धातू कुठे लावला होता आणि त्यांना कोणत्या जमिनीत पुरले यावर ठरते.

व्हायकिंग काळ म्हणजे ढोबळमानाने इ.स. ७९३ ते १०६६. इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावरच्या हल्ल्यापासून स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंतची पावणेतीनशे वर्षे. आजच्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधली ही माणसे पश्चिमेला ग्रीनलंडपर्यंत आणि पूर्वेला व्होल्गा नदीपर्यंत पसरली होती. एवढ्या मुलखाचा आणि एवढ्या काळाचा एकच 'पारंपरिक पोशाख' असणे शक्यच नाही. तरी काही गोष्टी खात्रीने सांगता येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या ब्रूचांच्या पोटातून आल्या आहेत.

स्टोल्पेला सापडलेल्या चिंध्यांचा पद्धतशीर अभ्यास आग्नेस गायर या स्वीडिश वस्त्रसंशोधिकेने १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये इंगा हेग यांनी त्याच तुकड्यांतून बायकांचा पोशाख एकेक थर करून उलगडला. टाचणीभोवती कापडाचे छोटे फास अडकलेले होते. पाठीकडून खांद्यावरून येणारे लांब फास आणि छातीकडून वर येणारे आखूड फास ब्रूचच्या टाचणीत एकत्र अडकवले जात. म्हणजे अंगावर बिनबाह्यांचा, खांद्यांवर पट्ट्यांनी पेललेला झगा होता आणि ब्रूच हे निव्वळ दागिने नव्हते. ते काढले तर झगाच खाली यायचा! ब्रूचच्या सर्वांत आतल्या बाजूला लिननचा पातळ थर मिळतो; तो आतला पायघोळ सदरा. बिर्काच्या काही थडग्यांत या सदऱ्याला बारीक चुण्या घातलेल्या आहेत. झग्यावर थंडीप्रमाणे अंगरखा किंवा शाल.

दोन ब्रूचांच्या मध्ये मण्यांच्या सरी लोंबत. रंगीत काचेचे मणी, स्फटिक, लालभडक अकीक, अंबर, कधी भोक पाडून लटकवलेला अरबी चांदीचा दिरहम. ब्रूचलाच साखळीने सुरी, कात्री, सुयांची नळी, किल्ल्या अडकवलेल्या असत. मराठी घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा छल्ला असे, तसाच हा कारभाराचा पुरावा, फक्त छातीशी लावलेला. हे ब्रूच मात्र वाटतात तितके खास नव्हते. डेन्मार्कमधल्या रिबे या जुन्या बाजारगावी ओतकाम करणाऱ्यांच्या जागी मातीच्या फुटक्या साच्यांचा खच सापडला आहे. एकाच नमुन्याचे ब्रूच आइसलँडपासून रशियापर्यंत मिळतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस ते मागे पडले आणि त्यांच्याबरोबर बायकांच्या पोशाखाचा हा पुरावाही आटला.

बघणाऱ्यांच्या नोंदीही आहेत, पण त्या परक्यांच्या. बगदादच्या खलिफाने व्होल्गाकाठच्या बल्गारांकडे पाठवलेल्या शिष्टमंडळात इब्न फदलान हा होता. ९२२ मध्ये त्याला तिथे 'रुस' व्यापारी, म्हणजे पूर्वेकडे गेलेले व्हायकिंग, भेटले. त्यांच्या बायका छातीवर लोखंडाची, तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची डबी लावतात, धातू नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि तिला सुरी टांगतात, असे तो लिहितो. ब्रूच नावाची वस्तू ओळखीची नसलेल्या माणसाने त्याचे केलेले हे वर्णन असावे. नवऱ्याकडे दहा हजार दिरहम झाले की बायकोच्या गळ्यात एक कडे, वीस हजार झाले की दोन, असेही तो सांगतो. हिरव्या मण्यांसाठी ही माणसे एका मण्याला एक दिरहम मोजत. त्यांच्या अस्वच्छतेची त्याला किळस आली, तरी त्यांच्यासारखी धिप्पाड शरीरे आपण पाहिली नाहीत असे लिहायला तो विसरला नाही.

पुरुषांची पंचाईत अशी की त्यांच्या कपड्यांवर धातू फारसा नव्हता. सदऱ्याच्या गळ्याशी एखादी टाचणी, पट्ट्याचे बक्कल, उजव्या खांद्यावर पांघरूण पकडणारा एक ब्रूच, संपले. पुरुषांच्या कपड्यांना कळंकाने नाही, डांबराने वाचवले.

हेडेबी हे व्हायकिंगांचे मोठे बंदर आज जर्मनीच्या उत्तर टोकाला, श्लेसविगजवळ आहे. १९७९-८० मध्ये तिथल्या बंदराच्या चिखलात डांबराने माखलेल्या चिंध्या सापडल्या. जुने कपडे फाडून त्यांचे बोळे करायचे आणि त्यांनी जहाजाच्या फळ्यांना डांबर फासायचे, मग बोळा पाण्यात फेकायचा, असा खलाशांचा रिवाज होता. हजार वर्षांनी ते बोळे पुन्हा उलगडले गेले. इंगा हेग यांनीच ते धुऊन, सरळ करून, शिवणीच्या रेषा जुळवून त्यांतून सदरे, विजारी आणि जाकिटे ओळखली. थडग्यात माणूस ठेवणीतल्या कपड्यांत जातो. डांबराच्या बोळ्यात मात्र रोज अंगात घालून झिजलेले कपडे आले. भोके, ठिगळे, मोठ्यांच्या कपड्यातून काढलेले लहानांचे कपडे, सगळे तिथे आहे.

या आणि अशा दुसऱ्या सापडलेल्या वस्तूंवरून पुरुषाचा पेहराव बराच स्पष्ट होतो. आत लिननचा किंवा लोकरीचा सदरा, वर गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, खाली विजार. अंगरखा डोक्यातून घालायचा, बाजूंना त्रिकोणी कळ्या जोडून घेर वाढवलेला, म्हणजे घोड्यावर टांग टाकता येते आणि वल्हे मारताना काखेत फाटत नाही. डेन्मार्कच्या व्हिबोर्गमध्ये अकराव्या शतकातला लिननचा सदरा मिळाला आहे; लिनन टिकणे दुर्मिळ, म्हणून त्याचे मोल अधिक. त्याला चौकोनी गळा आहे, तो बंदांनी आवळता येतो, आणि छातीला अस्तर लावून दुहेरी केले आहे. पोटरीवर लोकरीच्या अरुंद पट्ट्या घोट्यापासून वर गुंडाळत. पायात उलटे शिवून मग सुलटे केलेले चामड्याचे बूट, म्हणजे शिवण आत राहते आणि झिजत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या कॉपरगेट भागात असे बूट ढिगाने सापडले, आणि एक मोजाही. तो दोन सुयांवर विणलेला नाही. एकाच जाड सुईने फास फासात ओवून केलेला आहे. ही वीण एका टोकाला तुटली तरी सगळी उसवत जात नाही.

विजारींत मात्र फॅशन होती. इब्न रुस्ता हा फारसी भूगोलकार सांगतो की रुस लोकांच्या एकेका विजारीला शंभर हात कापड लागते आणि ती गुडघ्याखाली आवळून बांधतात. शंभर हात ही बढाई धरली, तरी स्वीडनच्या गोटलंड बेटावरच्या चित्रशिळांत अशा फुगीर विजारी घातलेले पुरुष स्पष्ट दिसतात. जवळ एवढे कापड आहे हेच त्यांना दाखवायचे असणार. कापड म्हणजे तेव्हा काय होते, ते समजले की हा दिखाऊपणा कळतो.

माग होता उभा, भिंतीला टेकवलेला. ताण्याचे धागे वरच्या दांड्यावरून खाली सोडलेले आणि टोकांना संगजिऱ्याची किंवा भाजलेल्या मातीची वजने बांधलेली. बाई उभ्याने, मागापुढे येरझाऱ्या घालत, खालून वर बाणा ठोकत जायची. पण विणणे हे त्या मानाने लवकर उरकणारे काम. खरा वेळ जायचा सुतात, कारण चरखा युरोपात अजून आला नव्हता आणि सगळे सूत टकळीवर निघत होते. सराईत बाई अशा टकळीवर ताशी चाळीस-पन्नास मीटर सूत काढते, असे प्रयोगांत दिसले आहे. आता हिशेब करू. सेंटीमीटरला १० उभे आणि १० आडवे धागे, अशी साधी वीण धरली तर एक चौरस मीटर कापडाला २ किलोमीटर सूत लागते. अंगरखा आणि विजारीला ५ चौरस मीटर कापड धरले तर १० किलोमीटर, म्हणजे निदान २०० तास नुसते सूत कातणे. मेंढी कातरणे, लोकर निवडणे, पिंजणे, रंगवणे, विणणे, शिवणे हे सगळे वेगळे. बिर्काच्या उंची कापडांत तर सेंटीमीटरला पन्नासच्या आसपास उभे धागे मोजले गेले आहेत. शिवाय जहाजाचे शीडही लोकरीचे. रॉस्किल्डच्या जहाज संग्रहालयाने बांधलेल्या 'ओटार' या प्रतिकृतीचे शीड ९० चौरस मीटर आहे. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांची पुस्तके तलवारींनी भरलेली असतात. टकळी चालवणाऱ्या बायकांचे हात थांबले असते तर ती जहाजे किनाऱ्यावरच राहिली असती.

म्हणूनच आइसलँडमध्ये कापड हेच चलन झाले. 'वाधमाल' नावाच्या जाड लोकरी कापडाचे सहा एल (हातासारखे लांबीचे माप) म्हणजे कायद्याने एक औंस, अशी तिथल्या जुन्या कायद्यात नोंद आहे. कर, दंड, गुरांची किंमत कापडात ठरे. आइसलँडची दुसरी खासियत म्हणजे विणतानाच लोकरीचे पुंजके अडकवून केलेले, लांब केसांच्या कातड्यासारखे दिसणारे पांघरूण. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडी लेखकाने 'हाइम्सक्रिंग्ला' या राजांच्या इतिहासात त्याची एक गंमत सांगितली आहे. आइसलँडचे व्यापारी अशा करड्या पांघरुणांनी भरलेले जहाज घेऊन नॉर्वेला आले, पण कोणी घेईना. खलाशाने राजा हाराल्डला गाऱ्हाणे सांगितले. राजाने एक मागून घेतले आणि तिथेच अंगावर टाकले. मग त्याच्या माणसांची झुंबड उडाली आणि जहाज रिकामे झाले. तेव्हापासून तो 'करडे पांघरूणवाला' हाराल्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. जाहिरातीचा असा नमुना दहाव्या शतकात शोधूनही दुसरा सापडायचा नाही.

चित्रपटांतले व्हायकिंग चिखलाच्या रंगाचे असतात. प्रयोगशाळेत त्यांचे धागे वेगळे बोलतात. निळा रंग 'वोड' या रोपाच्या पानांतून यायचा. त्यातले रंगद्रव्य इंडिगोटिन, म्हणजे आपल्याकडच्या निळीतलेच. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजथडग्यात वोडच्या बिया सापडल्या. लाल रंग येई मॅडर या मंजिष्ठेच्या युरोपी जातभाईच्या मुळांतून. रंग पक्का बसायला तुरटी हवी, ती नव्हती. मग अल्युमिनियम साठवणारी एक शेवाळासारखी वनस्पती वापरत. यॉर्कमध्ये ती स्कँडिनेव्हियातून मागवलेली आढळते, कारण इंग्लंडात ती जात उगवत नाही. रंगारी आपल्या देशाचा मसालाच बरोबर घेऊन गेले असणार.

श्रीमंती बघायची तर डेन्मार्कच्या मामेनला जावे. १८६८ मध्ये गावच्या शेतकऱ्यांनी तिथली टेकडी खणली, लाकडी खोली फोडली, आणि आतल्या वस्तू घरोघरी वाटून घेतल्या. व्हिबोर्गचा आर्थर फेडर्सन धावत आला आणि त्याने त्या एकेक गोळा केल्या. खोलीच्या लाकडाच्या वर्तुळांवरून दफन ९७०-७१ च्या हिवाळ्यातले ठरते. आत पिसांच्या गादीवर निजवलेल्या सरदाराच्या अंगावर लोकरीचे वस्त्र होते, त्यावर बिबटे, पानांच्या वेली आणि माणसांचे चेहरे भरतकामात काढलेले. मनगटांना सोन्याच्या तारेने विणलेले रेशमी पट्टे. या सरदाराची हाडे पुढे गहाळ झाली आणि शंभराहून अधिक वर्षे सापडली नाहीत. शेवटी ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातच, स्लोट्सब्येर्गब्यू या दुसऱ्याच थडग्याच्या खोक्यात निघाली. शार्लट रिमस्टाड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते जाहीर केले. घोट्याच्या हाडांना कापड चिकटलेले होते, त्यावरून विजार लांब होती आणि तिच्या टोकांना विणलेली नक्षीदार पट्टी होती, हे कळले. चुकीची चिठ्ठी लागली म्हणून ज्ञान शतकाहून अधिक काळ अडून राहिले, हे पुरातत्त्वाच्या खात्यात नवे नाही.

रेशीम व्हायकिंगांकडे येई ते बायझंटाइन आणि इराणी बाजारांतून. ते अखंड वापरायची चैन क्वचितच परवडे. तागा कापून अरुंद पट्ट्या करायच्या आणि लोकरीच्या कपड्यांच्या काठांना लावायच्या. १९०४ मध्ये उकरलेल्या नॉर्वेच्या ओसेबर्ग थडग्यात रेशमाचे शंभराहून अधिक तुकडे मिळाले. फरचेही तसेच. चित्रांत प्रत्येक व्हायकिंगाच्या खांद्यावर अस्वल असते. डेन्मार्कच्या थडग्यांतल्या केसांची २०२२ मध्ये प्रथिन-तपासणी झाली, तेव्हा बीव्हरचे फर फक्त बड्या लोकांच्या थडग्यांत निघाले, आणि बीव्हर तर तेव्हा डेन्मार्कमध्ये उरलाच नव्हता. म्हणजे ते आयात केलेले आणि महाग होते.

एका फितीने २०१७ मध्ये जगभर गोंधळ घातला. उप्साला विद्यापीठाच्या वस्त्रसंशोधिका आनिका लार्सन यांनी जाहीर केले की रेशीम आणि चांदीच्या तारेने विणलेल्या व्हायकिंगांच्या एका पट्टीत अरबी अक्षरे, 'अल्लाह' आणि 'अली', दिसतात. बातमी काही तासांत सर्वत्र गेली. टेक्सास विद्यापीठाच्या कलेतिहासकार स्टेफनी मुल्डर यांनी ती हाणून पाडली: अशी चौकोनी कूफी लिपी त्या काळात नव्हतीच, ती कित्येक शतकांनी रुळली. शिवाय वाचन पूर्ण करण्यासाठी पट्टीचा न उरलेला भाग कल्पनेने वाढवावा लागत होता. नखाएवढ्या तुकड्यांवर उभ्या असलेल्या शास्त्रात हा धोका कायमचा.

शिंगांच्या शिरस्त्राणाला तर तुकड्याचाही आधार नाही. ते आले १८७६ मध्ये, जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरा-मालिकेसाठी कार्ल एमिल डोपलरने केलेल्या वेशभूषेतून. डेन्मार्कमधल्या व्हिक्सो येथे १९४२ मध्ये शिंगांची दोन शिरस्त्राणे सापडली खरी, पण ती इ.स.पूर्व ९०० च्या सुमाराची. खरे व्हायकिंग शिरस्त्राण म्हणून अभ्यासक दाखवतात ते नॉर्वेच्या ग्येर्मुंडबूचे, १९४३ मध्ये तुकड्यातुकड्यांत मिळालेले, डोळ्यांना चष्म्यासारखी चौकट असलेले. शिंगे नाहीत.

स्वच्छतेबद्दल शेजाऱ्यांची तक्रार इब्न फदलानच्या अगदी उलट होती. दहाव्या शतकात स्पेनमधून हेडेबीला आलेला अत-तर्तूशी लिहितो की तिथले पुरुषही डोळ्यांना रंग लावतात. इंग्लंडातल्या एका पत्रात कोणी भावाला दटावतो आहे: मानेवरचे केस काढून पुढचे डोळ्यांवर सोडायची डॅनिश फॅशन तू कशाला करतोस? आणि तेराव्या शतकातली एक बखर म्हणते की डॅनिश पुरुष रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करत आणि वारंवार कपडे बदलत, त्यामुळे इंग्लिश बायका त्यांच्यावर भाळत. आठवड्यातून एक अंघोळ हा गुन्हा ठरावा, यावरून बाकीच्यांची कल्पना करावी.

कोणी काय घालावे यावर कायद्याचीही नजर असे. आइसलँडच्या 'लाक्सडेला' सागामध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथेत, गुड्रून नावाची देखणी, धोरणी बाई आहे. नवरा थोरवाल्ड नकोसा होतो, तेव्हा थोर्ड नावाचा मित्र तिला सुचवतो: नवऱ्याला छाती दिसेल एवढ्या खोल गळ्याचा सदरा शिवून दे आणि बायकी कपडे घालतो म्हणून काडीमोड माग. तसे होते. मग गुड्रून थोर्डच्या बायकोविषयी, औडविषयी, ती पुरुषांसारखी विजार घालते, अशी बोलवा उचलते. त्या कारणावर थोर्डही मोकळा होतो आणि दोघे लग्न करतात. औड गप्प बसत नाही. रात्री घोड्यावरून येते, झोपलेल्या थोर्डला तलवारीने घायाळ करते, आणि त्या वेळी मात्र तिच्या अंगात खरोखर विजार असते, हे सागाकार नोंदवायला चुकत नाही.

ख्रिस्ती धर्माबरोबर कपड्यांनिशी आणि दागिन्यांनिशी पुरण्याची चाल संपली आणि थडग्यांतून पोशाखाचा पुरावा जवळपास नाहीसा झाला. अपवाद दूर पश्चिमेला आहे. ग्रीनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेर्योल्फ्सनेस येथे १९२१ मध्ये पॉल नर्लुंड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने चर्चचे आवार खणले. शवपेटीसाठी लाकूड दुर्मिळ, म्हणून लोकांना अंगावरच्या कपड्यांत गुंडाळून पुरले होते. गोठलेल्या जमिनीने ते राखले, मधून झुडपांची मुळे मात्र आरपार गेली होती. हे व्हायकिंगांचे वंशज, चौदाव्या-पंधराव्या शतकातले. त्यांच्या अंगात लांब झगे आहेत, कळ्या जोडून घेर दिलेले, आणि डोक्यावर लांब शेपटी लोंबणाऱ्या टोप्या, तेव्हाच्या पॅरिस-लंडनच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या धाटणीच्या. कापड मात्र त्यांच्याच मागावरचे, त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीचे.